किचनला जाऊ की सर्व्हिसला?

ताई,

मी सावंतवाडीजवळच्या एका खेड्यातली, वय २०. एफवायबीकॉम झालं. बाबांचं मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात पैसा पुरत नाही, आणि धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. आमच्या वाडीतला एक दादा दक्षिण गोव्यात समुद्रकाठच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये कामाला आहे. तिथे ऑक्टोबर ते एप्रिल अशा सात महिन्यांच्या सीझनसाठी मुली घेताहेत. दोन जागा आहेत म्हणतो. किचन हेल्पर, महिना १३,००० रुपये. नाहीतर रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिसला, ११,००० आणि वर टिप. राहणं-जेवण दोन्हीकडे त्यांचं. युनिफॉर्म आणि जॉइनिंगचे म्हणून दादाने ५,००० रुपये मागितलेत. मला रांधायला आवडतं. आई काजूच्या फॅक्टरीत जाते, त्यामुळे आठवीपासून घरचा स्वयंपाक माझ्याकडेच आहे. चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की मात्र घसा सुकतो. आई घाबरते. आजी सरळच म्हणाली, "लोकांची उष्टी काढूक जातलंस काय गो?" फेब्रुवारीपासून आमची काजू पडायला लागते, तेव्हा बी गोळा करायला मी नसेन याचंही आईला टेन्शन आहे. आणि मेमध्ये परत आल्यावर पुढे मी काय करणार? जाऊ का? गेले तर कुठे जाऊ?

ता. क. मला फक्त विळीवर चिरता येतं. सुरी विकत घेऊन न्यावी का?

*

प्रिय मुली,

जा. हे आधी सांगून टाकते, कारणं मागून सांगते.

फक्त माझ्या दोन अटी आहेत. दादाला ५,००० रुपये द्यायचे नाहीत, आणि नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय बॅग भरायची नाही. यातलं एक जरी जमत नसेल तर ही जागा सोड. सीझनला माणसं सगळ्यांनाच कमी पडतात, दुसरी मिळेल.

मी २६ वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढली. सुरुवात तुझ्यासारखीच, सीझनची हेल्पर म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं जवळून पाहिलेलं आहे असं धरून वाच.

आधी पैशांचं बोलू. मोठ्या रिसॉर्टमध्ये युनिफॉर्म हॉटेलचा असतो आणि तो धुऊन इस्त्री करून देणारी लाँड्रीही हॉटेलचीच असते. जॉइनिंगला पैसे लागत नाहीत. लागतात ते कागद: आधार, पॅन, बँकेचं पासबुक, मार्कशीटच्या झेरॉक्स, फोटो आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. हे शेवटचं कुणी मागितलं नाही तरी करून घे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस घेतलेली असायला हवी. जे हॉटेल हे विचारतं ते किचनकडे नीट लक्ष देणारं असतं. मूळ मार्कशीट मात्र कुणाकडेही ठेवायला द्यायची नाही. दाखवायची आणि त्याच वेळी परत घ्यायची.

दादा लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याकडूनही पहिल्या वर्षी कुणीतरी असेच घेतले असतील आणि त्याला वाटत असेल की ही रीतच आहे. त्याला एवढंच म्हण, "दादा, मला एचआरचा नंबर दे, मी स्वतः बोलते." घसा सुकला तरी हा फोन तूच करायचा. हे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेव आणि वाचून विचार.

पहिला प्रश्न: मी कुणाच्या रोलवर असेन, रिसॉर्टच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या? सीझनची बरीच माणसं कॉन्ट्रॅक्टरमार्फत येतात आणि त्यात बेकायदा काही नाही. पण पगार कोण देणार, तक्रार कुणाकडे करायची आणि अनुभवाच्या पत्रावर कुणाचं नाव येणार, हे सगळं त्यावर ठरतं. कॉन्ट्रॅक्टरने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ हॉटेलवर येते. पण तू तिथे काम केलंस याचा पुरावा तुझ्याकडे असला तरच तिथवर पोचता येतं.

मी हे पदरचे पैसे घालवून शिकले. १९९६ ची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका थंड हवेच्या ठिकाणी मी उन्हाळी सीझन केला. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस दर महिन्याला थोडी थोडी उचल द्यायचा आणि हिशेब शेवटी करू म्हणायचा. जूनच्या सुरुवातीला पहिला मोठा पाऊस झाला, गिऱ्हाईक उतरलं, हॉटेलने खिडक्यांना झडपा लावायला घेतल्या आणि तो माणूस दिसेनासा झाला. मी मॅनेजरकडे गेले. त्यांनी रजिस्टर काढून माझ्यासमोर उघडलं आणि म्हणाले, "तुझं नाव आमच्या मस्टरवर नाही." खरंच नव्हतं. अडीच महिने रोज पहाटे पाचला उठून मी त्या किचनची लादी ओलांडली होती, आणि तिथल्या एकाही वहीत मी नव्हते. एसटीचं तिकीट काढायला मला एका वेटरकडून पैसे घ्यावे लागले. म्हणून नेमणूकपत्राचं एवढं सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. तू मागतेस तो तुझा हक्क आहे, एचआर तुझ्यावर मेहेरबानी करत नाही.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि बाहेरच्या माणसाला तो सुचत नाही: "किचन हेल्पर म्हणजे फूड प्रॉडक्शनमध्ये, की किचन स्टुअर्डिंगमध्ये?"

हॉटेलात हे दोन वेगळे विभाग आहेत. प्रॉडक्शन म्हणजे रांधणारे. तिथे हेल्पर किंवा ट्रेनी म्हणून लागलीस की पुढची पायरी कॉमी थ्री, मग कॉमी टू, कॉमी वन, मग डेमी, मग शेफ द पार्टी, ज्याला सगळे सीडीपी म्हणतात, त्याच्या वर सू शेफ. स्टुअर्डिंग म्हणजे भांडी, डिशवॉशर, लादी, कचरा, बँक्वेटच्या शेकडो प्लेटा मोजून देणं-घेणं. स्टुअर्डिंगवाले एक दिवस आले नाहीत तर अख्खं हॉटेल बंद पडेल, त्यांच्या कामाला मी कधी कमी लेखलं नाही. पण तुला रांधायला शिकायचंय. सात महिने पॉट वॉशला उभी राहिलीस तर एप्रिलअखेर तुझे हात सोललेले असतील आणि फोडणीपर्यंत तू पोचलेली नसशील. जाहिरातीत आणि तोंडी बोलण्यात दोघांनाही "किचन हेल्पर"च म्हणतात. त्यामुळे नेमणूकपत्रावर विभागाचं नाव लिहून घे.

उत्तर "प्रॉडक्शन" आलं तर किचन घे. "स्टुअर्डिंग" आलं आणि बदलून मिळत नसेल तर सर्व्हिस घे. हा माझा स्पष्ट कौल.

सर्व्हिसबद्दल मी हे नाइलाज म्हणून सांगत नाही. तिथे मिळतं ते किचनमध्ये मिळत नाही. डिसेंबरात चांगल्या रेस्टॉरंटमध्ये टिपचा वाटा पगाराला भिडू शकतो. तुला या हिवाळ्यातच रोख रक्कम जास्त हवी असेल, बाबांच्या औषधांची उधारी डोक्यावर असेल, तर सर्व्हिसचा विचार जरूर कर. फक्त टिप साठते कशी आणि वाटतात कशी ते आधी विचार. काही ठिकाणी सगळी एका डब्यात जमा होते आणि पॉइंटप्रमाणे वाटली जाते, कॅप्टनला जास्त, नव्याला कमी. काही ठिकाणी ज्याचं टेबल त्याची टिप. आणि टिप हा पगार नव्हे. ११,००० हा आकडा गोव्यातल्या किमान वेतनाशी ताडून बघ. रोजचा किमान दर कामगार आयुक्तालयात विचारलास की सांगतात, त्याला २६ ने गुण. पगार त्याहून कमी भरत असेल तर "वर टिप आहे ना" हे उत्तर चालत नाही.

घसा सुकतो म्हणतेस, त्याची फार काळजी नको. सर्व्हिसमध्ये पहिला महिना बोलण्यापेक्षा पुसण्यात जातो. गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात काटे-चमचे बुडवायचे आणि सुती फडक्याने एकेक चमकवायचा, ग्लास देठाला पकडून, वरच्या भागाला बोट न लावता, उजेडाकडे धरून डाग शोधायचे. ते करता करता मेनू पाठ होतो आणि मेनू पाठ झाला की निम्मं इंग्रजी येतं. बोलताना एकच वाक्य कधी बोलायचं नाही: "यात ते नसतं." हे मी तुलाच मुद्दाम सांगते, कारण तू काजूच्या गावची आहेस. तुमच्याकडे काजू हा लाड आहे. एखाद्या पाहुण्याच्या शरीराला तो विषासारखा लागतो. हॉटेलातली बहुतेक पांढरी ग्रेव्ही काजूच्या पेस्टवर उभी असते, वरून एकही काजू दिसत नाही. एकदा आमच्या एका नव्या मुलाने विलायती बाईंना हसून "नो नट्स मॅडम" सांगितलं आणि कोर्मा नेऊन ठेवला. दोन घासांत त्यांचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. त्यांच्या पर्समध्ये इंजेक्शन होतं म्हणून त्या वाचल्या. तो मुलगा त्या रात्री जेवला नाही. तेव्हा माहीत नसेल तर "विचारून सांगते" म्हणायचं आणि खरंच आत जाऊन शेफला विचारायचं. असं म्हणणाऱ्या मुलीला कुणी घाबरट म्हणत नाही.

आता आजीचं. त्यांच्या वाक्याने तू दुखावलीयस हे पत्रात दिसतं. माझी आई याहून कडू बोलली होती. आपल्याकडे उष्टी कोण काढतं याला फार जुना आणि वाईट इतिहास आहे, आजीच्या तोंडून तो बोलतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण मनातल्या मनात तू त्यांचं म्हणणं मान्यही करू नकोस. परत आलेली प्लेट म्हणजे काय ते मी तुला सांगते. चांगला शेफ रात्री पॉट वॉशपाशी उभा राहतो आणि परत आलेल्या प्लेटा बघतो. मासा अर्धा राहिलाय आणि सॉस चाटून पुसून गेलाय, म्हणजे मासा जास्त शिजला. पाच प्लेटांत भात उरलाय, म्हणजे वाढप जास्त आहे, उद्या वाटी लहान करा. मी सीडीपी झाल्यावर माझा मेनू असाच सुधारला. पाहुणा तोंडावर सगळं छान होतं म्हणतो, खरं काय ते प्लेट सांगते. तू सर्व्हिसला असलीस आणि आत येऊन "शेफ, सात नंबरवर तिघांनीही वांगं ठेवलंय" एवढं सांगितलंस, तर आठवड्याभरात शेफ तुला नावाने ओळखेल.

किचनमध्ये पहिले काही आठवडे काय असेल? पहाटेची ड्यूटी असली तर सहाच्या आधी आत. ब्रेकफास्ट बफेची फळं, उकडलेली अंडी सोलणं, पोह्यांसाठी कांदा, सांबाराच्या भाज्या. दहानंतर दुपारची तयारी, ज्याला सगळे प्रेप म्हणतात. घरी तू पाच माणसांचं रांधतेस. इथे वरण लावताना तूरडाळ किलोत मोजायची, शंभर माणसांना साडेचार-पाच किलो. घरचा अंदाज इथे चालत नाही, वजनकाटा चालतो. शेफ कोटच्या बाहीवरच्या खिशात मावेल एवढी छोटी वही ठेव आणि प्रत्येक पदार्थाचं वजन त्यात लिही. लाजू नकोस. माझ्या पहिल्या वहीला हळदीचे डाग आहेत आणि ती आजही माझ्या कपाटात आहे.

डब्यांवर लेबल लावण्याचं काम तुला मिळेल. ते क्षुल्लक समजू नकोस. पदार्थाचं नाव, केल्याची तारीख, वेळ, कधीपर्यंत वापरायचा. जुनं पुढे, नवं मागे. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहायला हवं, मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. लेबल चुकलं आणि शंभर माणसांच्या लग्नाच्या जेवणात जुनी चटणी गेली, तर काय होईल याची कल्पना करायची आणि मग पेन उचलायचं.

आणि भाजेल. कढईचा कड, ओव्हनचा ट्रे, वाफ, प्रत्येकीला भाजतंच. भाजल्या भाजल्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धर, किचनमध्ये कितीही गडबड असली तरी. टूथपेस्ट नको, हळद नको. मग सुपरव्हायझरला सांगून अपघाताच्या वहीत नोंद करून घे. वहीत नोंद नसेल तर पुढे दवाखान्याच्या खर्चाच्या वेळी कुणाला काही आठवत नाही.

तिथून आपण पीएफ आणि ईएसआयवर, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यावर, येतो, आणि तुझ्या कॉमर्सला हे सोपं जाईल. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो आणि सीझनच्या माणसांनाही तो पहिल्या दिवसापासून असतो. १३,००० हा पूर्ण पगार पीएफला धरला तर तुझे १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये कापले जातील. मालकही तेवढेच भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले साधारण ४७७ रुपये तुझ्या पीएफमध्ये. म्हणजे दर महिन्याला २,०३७ रुपये जमा, सात महिन्यांत चौदा हजारांच्या वर. ईएसआय दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी, २१,००० पर्यंतच्या पगाराला असतो, त्याचे ०.७५ टक्के म्हणजे ९८ रुपये कापतील. त्या ९८ रुपयांत कामावर झालेल्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे आणि मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. तेव्हा तुझ्या हातात येतील ११,३४२ रुपये. आईला हाच आकडा सांग. १३,००० सांगितलेस तर पहिल्या पगाराला घरात विनाकारण संशय येईल. "पीएफ नको, पूर्ण पगार हातात घे" असं कुणी सुचवलं तर नको म्हण. यूएएन, म्हणजे पीएफसाठीचा तुझा नंबर, एकदा मिळाला की आयुष्यभर तोच चालतो, आणि तू अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी काम केलंस याचा तो सरकारी पुरावा आहे. १९९६ साली माझ्याकडे तो असता तर मॅनेजरने मस्टर उघडून दाखवलं नसतं.

तासांबद्दलही विचार. आठवड्याला ४८ तास, त्यापुढे दुप्पट दराने ओव्हरटाइम, हा नियम. सीझनमध्ये प्रत्यक्षात बरेचदा ओव्हरटाइमऐवजी बदली सुट्टी देतात. आल्या-गेल्याची वेळ रोज वहीत लिहीत जा म्हणजे किती सुट्ट्या साठल्या ते वाद न होता कळेल. सर्व्हिसमध्ये ब्रेक शिफ्ट असते, अकरा ते तीन आणि मग सात ते अकरा. मधले चार तास ना झोप होते ना कुठे जाता येतं. किचनला ही ड्यूटी त्या मानाने कमी लागते. माझा कौल किचनला जायला हेही एक कारण आहे.

तुझी आई घाबरते, त्याला मी खोटी भीती म्हणणार नाही. तिला सोबत घेऊन जा. जॉइनिंगच्या आधी एक दिवस दोघी गाडीने मडगावला उतरा आणि राहायची खोली डोळ्यांनी बघा. मुलींची इमारत वेगळी आहे का, एका खोलीत किती जणी, कडी आतून नीट लागते का, बाथरूम कुठे, रात्री अकराला ड्यूटी सुटल्यावर तिथपर्यंत हॉटेलची गाडी सोडते का. गाडीबद्दल "बहुतेक वेळा" असं उत्तर मिळालं तर "रोज" असं लिहून मागा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं स्टाफच्या नोटीस बोर्डावर शोध आणि फोन नंबर मोबाइलमध्ये घे. किचनमध्ये आवाज चढतात, गर्दीच्या वेळी शेफ ओरडतो, ते अर्ध्या तासात विरतं. पण अंगाला मुद्दाम लागणारा हात, स्टोअररूममध्ये एकटीलाच बोलावणं, रात्री येणारे मेसेज, याला "किचन असंच असतं" म्हणून गप्प बसायचं नाही. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. आणि तिथल्या जुन्या बायकांशी पहिल्याच आठवड्यात ओळख कर. हाउसकीपिंगमध्ये, स्टाफ कॅफेटेरियात त्या असतात. कुणापासून लांब राहायचं हे त्या न विचारता सांगतात.

आता घरच्या वेळापत्रकाचं. तुमच्या शेतीचं आणि गोव्याच्या सीझनचं निम्मं जमतं, निम्मं नाही. चतुर्थी घरी करून तू निघशील. ऑक्टोबरात भातकापणी असेल, तर जॉइनिंग १५ ऑक्टोबरनंतर मिळतं का विचार. आठवडाभर मागेपुढे करायला एचआर सहसा तयार होतं, कारण खरी गर्दी दिवाळीपासून. सोनुर्लीची जत्रा बहुतेक चुकेल. २० डिसेंबर ते २ जानेवारी सुट्टीचं नावही काढायचं नाही, त्या दिवसांत आजारी पडलेली माणसंही कामावर दिसतात. फेब्रुवारीनंतर विलायती पाहुणे कमी होत जातात, लग्नं आणि कंपन्यांच्या पार्ट्या उरतात, शिमग्याला दोन दिवस मिळू शकतात. पण काजू नेमकी तेव्हाच. हे आईला आत्ताच स्पष्ट सांगा आणि वाडीतल्या एखाद्या काकूला बी अर्धेलीने गोळा करायला द्या. अर्धी बी गेली असं आईला वाटेल. पण तुझे तीन महिन्यांचे हातात आलेले ३४,००० तिच्यासमोर कागदावर मांड आणि तिलाच हिशेब करू दे, ती काजूच्या फॅक्टरीतली आहे, तिला भाव पाठ असतात.

मेनंतरची काळजी तू आत्तापासून करतेस हे मला फार आवडलं. किनाऱ्यावरचे तात्पुरते शॅक पावसाआधी उतरवतात, पण मोठी रिसॉर्ट हल्ली पावसातही चालू असतात, फक्त माणसं कमी करतात. मार्चमध्येच शेफला विचार, "मला ठेवाल का?" नाही म्हणाले तर अनुभवाचं पत्र माग, त्यात विभाग, पद आणि तारखा हव्यात, "कामाला होती" एवढंच नको. मग दोन रस्ते आहेत. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड असतो, त्याचे प्रवेश साधारण त्याच सुमाराला सुरू होतात. नाहीतर पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था आहे, तिथल्या रांधण्याच्या छोट्या कोर्सची चौकशी एखाद्या वीकली ऑफला जाऊन कर. सात महिने किचनमध्ये उभी राहिलेली मुलगी वर्गात बसली की तिला सगळं दुप्पट कळतं, मी शिकवायला जाते तिथे हे दरवर्षी बघते. आणि बीकॉम सोडू नकोस. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून दुसऱ्या वर्षाला नाव घाल, परीक्षेच्या तारखा आधी बघून ठेव. हॉटेलात फूड कॉस्टिंग येणारे शेफ कमी असतात, आणि वरच्या जागांवर त्यांनाच बसवतात.

ता. क. चं उत्तर. सुरी विकत घेऊ नकोस. पहिल्या सीझनला हॉटेलच्या सुऱ्या पुरतात, आणि नवी सुरी चार दिवसांत कुणीतरी "जरा दे" म्हणून घेऊन जातं. त्या पैशांचे न घसरणारे, पुढून बंद असलेले काळे बूट घे, अर्धा नंबर मोठे, कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. सरावासाठी मात्र घरातली कुठलीही सुरी आणि एक लाकडी पाट आजच काढ. विळीवर पातं स्थिर असतं आणि आपण भाजी त्याच्यावर ढकलतो. सुरीला ते उलटं आहे, भाजी जागेवर आणि पातं चालतं. विळीवर बसलेले हात सुरीवरही कांदा पुढे सारायला जातात, आणि तिथेच बोट कापतं. पाटाखाली ओलं फडकं पसर म्हणजे तो हलणार नाही. डाव्या हाताच्या बोटांची टोकं आत वळव, पातं मधल्या पेरांना टेकून खाली जाऊ दे. कांद्याचं मूळ शेवटपर्यंत कापू नकोस, ते असलं की पाकळ्या सुटत नाहीत. ऑक्टोबरपर्यंत रोजच्या भाजीचा कांदा असाच चिर. पहिल्या दिवशी शेफ तुझ्यापुढे कांद्याचीच गोणी ठेवेल.

तुझी,
ताई